कै. पंडित विष्णु नारायण भातखंडे

गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेतील वरच्या वर्गांच्या मुलांना घेऊन आम्ही कौंडण्यपूर पाहावयास गेलो होतो. अमरावती जिल्ह्यात, तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी वसलेले हे लहानसे गाव. या नदीस जुन्या ग्रंथांत वरदा म्हटले आहे. आणि विदर्भराज भीष्मकाची राजधानी व रुक्मिणीचे माहेर ते हेच, अशी परंपरा आहे. म्हणूनच दर वर्षी आषाढीसाठी येथून रुक्मिणीमातेची पालखी पंढरपुरास जाते. आम्ही गेलो त्या दिवशी देवळात काही वृद्ध वारकरी टाळ व मृदंग घेऊन भजन करीत बसले होते. मुले बराच वेळ उभी राहून ऐकत होती.

पुढे घाटाच्या पायऱ्यांवर शिदोरी सोडली, तेव्हा दहावीतील एक विद्यार्थी आमच्यापाशी येऊन बसला. हा मुलगा चार वर्षे गिटार शिकत आहे. सकाळच्या प्रार्थनेत, नाताळच्या कार्यक्रमात व स्नेहसंमेलनात त्याच्या गिटारीची साथ असते. त्या दिवशीही वनभोजनाच्या वेळी वाजवावी म्हणून त्याने ती बरोबर आणली होती. पण पिशवीतून बाहेर काढली नव्हती. कारण विचारले, तेव्हा प्रथम तो काही बोलेना. नंतर हळूहळू त्याने मनातले सांगितले. त्या वर्षी एका आंतरशालेय स्पर्धेत त्याने आपल्याच वयाच्या एका मुलाचे वादन ऐकले होते आणि तेव्हापासून त्याची बोटे चालत, पण मन चालत नव्हते. दुसऱ्याच्या गाण्याला साथ करणारा, चार-दोन ठरलेल्या जागांवर बोटे ठेवणारा आपण, आपणास वादक म्हणावे काय? संगीतकार म्हणावे काय? आणि ते म्हणावयाचे नसेल, तर चार वर्षे आपण होतो तरी कोण? देवळातील त्या म्हाताऱ्यांना हा प्रश्न पडत नसेल, असेही तो म्हणाला. आणि त्या बोलण्यात थोडा हेवा होता.

आम्हांस त्या मुलास तेथल्या तेथे उत्तर देता आले नाही. खरे सांगावयाचे तर हाच प्रश्न आम्हांसही कॉलेजात असताना पडला होता. आम्ही तीन वर्षे सतार शिकलो. एका जाणत्या गृहस्थांनी आमचे वादन ऐकून, तुमच्या हाती संगीत नाही, असा स्पष्ट अभिप्राय दिला. त्या रात्री सतारीला गवसणी घातली ती आजतागायत फारशी काढली नाही. अभिप्राय खोटा नव्हता. परंतु त्यावरून आम्ही जो निष्कर्ष काढला, तो बरोबर होता की नाही, याचा विचार मात्र आम्ही कधी केला नव्हता. कौंडण्यपुराहून परतताना तो मनात घोळू लागला, आणि त्याबरोबर एका थोर पुरुषाचे चरित्र आठवले. त्यांनीही तरुणपणी सतार हाती घेतली होती आणि त्यांचेही नाव मैफिलीतील वादक म्हणून गाजले नाही. तरीसुद्धा आज हिंदुस्थानी संगीत शिकणारा क्वचितच असा विद्यार्थी असेल, की ज्याच्यावर त्यांचे ऋण नाही. ते चरित्र त्या मुलासाठी, आणि त्याच्यासारख्या इतरांसाठी, येथे थोडक्यात देत आहोत.

विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म 10 ऑगस्ट 1860 रोजी, गोकुळाष्टमीच्या दिवशी, मुंबईस वाळकेश्वर येथे झाला. घरची स्थिती मध्यम होती. घरात गाण्याची आवड होती. आईच्या तोंडची भजने ऐकत मुलगा वाढला. परंतु आवड असणे वेगळे आणि गाण्याबजावण्याच्या मागे लागणे वेगळे, अशी त्या काळच्या पांढरपेशा कुटुंबांची ठाम समजूत होती. गवई व वादक यांची कला लोक आवडीने ऐकत. पण आपल्या मुलाने त्यांच्या पंगतीस बसावे, हे कोणासही रुचत नसे. मुलाने इंग्रजी शिकावे, पदवी घ्यावी, वकील किंवा कारकून व्हावे, हीच सुशिक्षित आईबापांची इच्छा असे. विष्णूनेही तोच मार्ग धरला. तो 1885 मध्ये बी. ए. झाला व 1887 मध्ये एलएल. बी. झाला.

परंतु या सरळ मार्गाच्या कडेने दुसरी एक वाट चाललीच होती. विद्यार्थिदशेतच त्याने वल्लभदास यांच्यापाशी सतारीचे धडे घेण्यास आरंभ केला. सतार हे वाद्य अभ्यासाचा मोठा कस पाहणारे आहे. डाव्या हाताची बोटे तारेने कापली जातात, उजव्या हातातील नखी बोटात रुतते, आणि महिनोगणती एकाच पलट्याची उजळणी करावी लागते. कायद्याची पुस्तके आणि सतार ही दोन्ही एकाच तरुणाने एकाच वेळी चालवावी, याला चिकाटी लागते. आणि ती या तरुणापाशी भरपूर होती. काही वर्षांत तो चांगला हात वाजवू लागला.

1884 मध्ये भातखंडे पारशी गायन उत्तेजक मंडळीत दाखल झाले. ही संस्था कैखुश्रू काबराजी यांच्या पुढाकाराने 1870 मध्ये मुंबईत स्थापन झाली होती. सभ्य कुटुंबांतील लोकांस हिंदुस्थानी संगीत शिकावयास व ऐकावयास मिळावे, हा तिचा हेतू होता. मंडळीत नामांकित उस्ताद शिकवीत व बाहेरगावचे गायक-वादक येऊन गात-वाजवीत. तेथे भातखंड्यांनी रावजीबुवा बेलबागकर यांच्यापासून ध्रुपदे घेतली आणि अली हुसेन खाँ यांच्यापासून ख्याल घेतले. शेकडो चिजा त्यांनी कंठस्थ केल्या. वादक म्हणून आलेला तरुण आता गाऊही लागला.

याच ठिकाणी त्यांच्या मनात तो प्रश्न प्रथम जागा झाला असावा, असे त्यांच्या पुढील आयुष्यावरून दिसते. प्रश्न कसा उत्पन्न होतो, हे एका उदाहरणाने सांगितल्यास आमच्या विद्यार्थ्यांस लवकर समजेल. सा, रे, ग, प, ध हे पाच शुद्ध स्वर घ्या. या पाच स्वरांत भूप राग आहे आणि याच पाच स्वरांत देशकार राग आहे. सतारीवर पडदे तेच, तार तीच, बोटेही तीच. तरी भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात आणि देशकार सकाळी. एक ऐकताना दुसऱ्याचा भास झाला, तर जाणकार मान हलवितात. मग फरक कोठे आहे? उस्ताद वाजवून दाखवी, आणि फरक कानास कळे. पण तो काय आहे, हे विचारले तर उत्तर मिळे की आमच्या गुरूने असेच शिकविले. दुसऱ्या घराण्याचा उस्ताद त्याच रागात एखादा स्वर निराळा लावी आणि त्याचेही उत्तर तेच असे. वकिली शिकलेल्या, साक्षीपुराव्याची छाननी करण्याची सवय लागलेल्या बुद्धीला हे पुरेना. आपण राग वाजवितो खरे, पण राग म्हणजे काय हे आपणास ठाऊक नाही; मग आपण जे करतो ते संगीत की केवळ नक्कल? हाताला जे येते ते डोक्याला कळावे, ही तळमळ एकदा लागली म्हणजे नुसत्या वाजविण्यात पूर्वीचे सुख राहत नाही.

पदवी घेतल्यावर भातखंड्यांनी वकिली आरंभिली. काही काळ ते कराचीसही होते. पुढे मुंबईस त्यांचे बस्तान बसले. दिवसा न्यायालय आणि सायंकाळी मंडळी, असा क्रम चालला. लोक त्यांना वकील म्हणून ओळखीत आणि गाण्याचा नाद असलेला वकील म्हणून कौतुकही करीत. त्यांच्या जागी दुसरा कोणी असता, तर आयुष्यभर हौशी राहून सुखाने म्हातारा झाला असता. पण संकटे आली ती एकामागून एक आली. 1900 मध्ये त्यांची पत्नी वारली आणि 1903 मध्ये एकुलती कन्याही गेली. चाळिशी ओलांडलेला हा मनुष्य घरात एकटा राहिला. ज्यांच्यासाठी मिळवावयाचे ती माणसे उरली नाहीत. अशा वेळी पुष्कळांचे जीवन फिके पडते. भातखंड्यांनी मात्र आपले उरलेले सारे आयुष्य त्या एका प्रश्नाच्या स्वाधीन केले. काही वर्षांत त्यांनी वकिलीही सोडली.

1904 मध्ये ते दक्षिणेच्या प्रवासास निघाले. मद्रास, तंजावर, मदुरा, एट्टयपुरम् अशी गावे पाहत ते विद्वानांस भेटले. तेथे व्यंकटमखी नावाच्या पंडिताच्या सतराव्या शतकातील चतुर्दण्डिप्रकाशिका या ग्रंथाची त्यांना माहिती झाली. या ग्रंथात बारा स्वरस्थानांवरून 72 मेल गणिताने काढले आहेत. मेल म्हणजे सात स्वरांची अशी मांडणी, की जिच्यातून अनेक राग निघतात. दक्षिणेत संगीताची विद्या इतकी व्यवस्थित बांधलेली पाहून त्यांना आनंद झाला, आणि उत्तरेत तशी काही सोय नाही म्हणून खेदही झाला. 1907 मध्ये ते पूर्वेकडे गेले. आपल्या विदर्भातील नागपूर त्या प्रवासात होते. पुढे कलकत्ता, जगन्नाथपुरी, विजयानगरम् व हैदराबाद. कलकत्त्यास त्यांनी राजा सौरींद्रमोहन ठाकूर यांची भेट घेतली. 1908 मध्ये अलाहाबाद, काशी, आग्रा, दिल्ली, जयपूर, बिकानेर, उदेपूर असा उत्तरेचा दौरा झाला. बरोबर प्रश्नांची यादी असे. आज काय ऐकले, कोण काय म्हणाले, हे ते रोजच्या रोज लिहून ठेवीत. ग्रंथालयांतून धूळ खात पडलेल्या हस्तलिखितांच्या नकला करवून घेत. रामामात्याचा स्वरमेलकलानिधी, लोचनाची रागतरंगिणी, खानदेशच्या फारुकी राजाच्या आश्रयास राहिलेल्या पुंडरीक विठ्ठलाचा सद्रागचंद्रोदय, असे कित्येक ग्रंथ त्यांच्या खटपटीमुळे पुन्हा उजेडात आले.

या प्रवासांत त्यांना मान मिळाला तसा उपहासही पदरी आला. राजदरबारच्या गवयांना हा मनुष्य विचित्रच वाटला. तो मैफल गाजविण्यास आला नव्हता आणि शिष्य होण्यासही आला नव्हता. नुसते प्रश्न विचारीत होता. जो गात नाही त्याला गाण्यातले काय कळणार, हा त्यांचा समज होता. आणि तो अगदीच चुकीचा होता असे म्हणता येत नाही. कारण संगीत ही करून दाखविण्याची विद्या आहे. उलट, संस्कृत ग्रंथांचे पंडित भेटत त्यांना श्लोक पाठ असत, पण समोर राग गायला तर तो ओळखता येत नसे. वादक त्यांना वादक मानीनात आणि पंडितांमध्ये बसावे तर पंडितांना सुराचे ज्ञान नसे. दोन्हीकडून परका ठरलेला माणूस बहुधा खचतो, नाहीतर एका बाजूस मिळून जातो. भातखंड्यांनी या दोहोंतील काहीच केले नाही. आपण कोण, हा प्रश्न त्यांनी बाजूस ठेवला आणि या विद्येला सध्या कशाची गरज आहे, हा प्रश्न हाती घेतला.

गरज काय होती? चिजा घराण्यांच्या कंठांत होत्या आणि कंठांबरोबर मरत होत्या. उस्ताद आपल्या मुलाबाळांना देत, शिष्यांना क्वचित देत, इतरांस बहुधा देत नसत. त्यांचाही दोष म्हणता येत नाही. ज्याची उपजीविका त्या चार चिजांवर आहे, त्याने त्या वाटून काय खावे? तेव्हा त्या मिळवावयाच्या तर नम्र होणे भाग होते. पन्नाशीच्या जवळ आलेल्या या विद्वान वकिलाने पुनः शिष्यत्व पत्करले. रामपूरचे नबाब हामिद अली खाँ हे स्वतः बीनकार वझीर खाँ यांचे शिष्य होते. त्या घराण्याची विद्या मिळावी म्हणून भातखंडे नबाबांचे शागीर्द झाले. जयपूरच्या महंमद अली खाँ कोठीवाल यांच्याकडून मनरंग परंपरेच्या चिजा मिळाल्या, ग्वाल्हेरच्या एकनाथ पंडितांकडून त्या गायकीच्या मिळाल्या. मिळालेली प्रत्येक चीज ते स्वरलिपीत उतरवून ठेवीत.

ही स्वरलिपी आज इतकी परिचित झाली आहे, की तिच्यामागे केवढा विचार आहे हे आपल्या ध्यानात येत नाही. कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या वर उभी रेघ, मंद्र सप्तकास खाली टिंब, तार सप्तकास वर टिंब. समेला फुली, खालीला शून्य, आणि एका मात्रेत जितके स्वर येतात तितक्यांना खालून एक कंस. एवढीच चिन्हे. ज्याला देवनागरी अक्षरे वाचता येतात, त्याला थोड्या शिक्षणाने चीज वाचता यावी, आणि साध्या छापखान्यातही ती छापता यावी, अशी ही योजना आहे. युरोपीय पद्धतीच्या पाच रेघांचा मोह त्यांनी टाळला. गाण्यातील सर्व सूक्ष्म हरकती या लिपीत उतरत नाहीत हे खरे; मींड आणि गमक यांना शेवटी गुरूचा कंठच हवा. पण चिजेचा सांगाडा तरी मरणातून वाचला. क्रमिक पुस्तक मालिका या नावाच्या त्यांच्या सहा भागांत अठराशेंहून अधिक चिजा आहेत.

दुसरे कार्य व्यवस्था लावण्याचे. 1910 मध्ये त्यांनी श्रीमल्लक्ष्यसंगीतम् हा संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षापासून हिंदुस्थानी संगीत पद्धती हा मोठा मराठी ग्रंथ निघू लागला. त्याचा चौथा व शेवटचा भाग 1932 मध्ये बाहेर पडला. हा मराठी ग्रंथ गुरु-शिष्यांच्या संवादाच्या रूपाने लिहिला आहे. शिष्य शंका काढतात, गुरू पुरावे मांडतात, आणि जेथे पुरावा अपुरा तेथे तसे सांगतात. प्रचारातील राग त्यांनी दहा थाटांत बसविले: बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी. देवगिरीच्या यादवांच्या काळी शार्ङ्गदेवाने लिहिलेल्या संगीतरत्नाकरातील राग आणि आज गायले जाणारे राग हे एकच आहेत, असा आग्रह पुष्कळजण धरीत. भातखंड्यांनी पुराव्याअभावी तो मानला नाही. आज लोक जे गातात तेच प्रमाण, आणि शास्त्र त्याच्या मागून चालावे, ही त्यांची भूमिका होती.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. संस्कृत ग्रंथावर त्यांनी आपले नाव घातले नाही. चतुर पंडित हे नाव घातले. मराठी ग्रंथ विष्णु शर्मा या नावाने लिहिला, आणि त्यात चतुर पंडिताचे मत एखाद्या परक्या ग्रंथकाराचे द्यावे तसे दिले. त्यांनी स्वतः रचलेल्या चिजांत कोठे चतुर ही मुद्रा आहे, तर कोठे हररंग. एका मनुष्याची इतकी नावे! याला कोणी लहर म्हणेल, कोणी युक्ती म्हणेल. नवे मत जुन्या थाटाच्या संस्कृतात व निनावी आले, तर लोक त्याकडे व्यक्तिद्वेष सोडून पाहतील, असा व्यवहारी विचारही त्यात असेल. परंतु आम्हांस असे वाटते, की ज्या प्रश्नाने आमचा विद्यार्थी हैराण झाला, तो प्रश्न त्यांना आता सतावीत नव्हता. आपणास लोकांनी कोणत्या नावाने ओळखावे, यात त्यांचे चित्त अडकलेले नव्हते.

तिसरे कार्य शिक्षणाचे. बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने मार्च 1916 मध्ये पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, आणि तिच्यामागे भातखंड्यांचे परिश्रम होते. नामांकित उस्ताद व ग्रंथांचे जाणकार एकाच मंडपात बसून रागांविषयी चर्चा करीत आहेत, हे दृश्य नवीनच होते. वाद झाले, रुसवेफुगवेही झाले. पुढे 1918 मध्ये दिल्लीस, 1919 मध्ये काशीस, आणि त्यानंतर लखनौस अशा परिषदा भरल्या. 1918 मध्ये ग्वाल्हेरीस माधव संगीत महाविद्यालय निघाले. 1926 मध्ये लखनौस मॅरिस कॉलेज स्थापन झाले. त्यासाठी राय उमानाथ बली आदी सद्गृहस्थांनी मोठी खटपट केली. हेच कॉलेज आज भातखंड्यांच्या नावाचे विद्यापीठ झाले आहे. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर हे त्यांचे पट्टशिष्य. या शिष्याला त्यांनी स्वतःपाशीच धरून ठेवले नाही. बडोद्यास फैयाज खाँ यांच्याकडे गायकी शिकावयास पाठविले. आपल्यापाशी काय आहे व काय नाही, हे ज्याला स्वच्छ कळले आहे, तोच गुरू असे करू शकतो. मैफलीचा रंग आपण देऊ शकत नाही, तो ज्याच्यापाशी आहे त्याच्याकडे मुलाने जावे. यात त्यांना कमीपणा वाटला नाही. रातंजनकर पुढे उत्तम गायकही झाले आणि लखनौच्या कॉलेजाचे प्राचार्यही.

त्याच काळी महाराष्ट्रात दुसरे विष्णु होते, हेही विसरता येत नाही. विष्णु दिगंबर पलुस्कर यांचा जन्म कुरुंदवाडास 1872 मध्ये झाला. लहानपणी फटाक्यांच्या अपघाताने त्यांची दृष्टी अधू झाली. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी ते गाणे शिकले, आणि 1901 मध्ये लाहोरास त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. पलुस्कर जन्मभर गायक राहिले. सहस्रावधी लोकांसमोर गाऊन त्यांनी संगीताला प्रतिष्ठा मिळवून दिली. भातखंड्यांनी ते केले नाही व त्यांना ते साधलेही नसते. दोघांच्या पद्धतींत भेद होता, मतांतही होता. पण एकाने दुसऱ्यासारखे व्हावे म्हणून आपले काम सोडले असते, तर संगीताचे दुहेरी नुकसान झाले असते.

भातखंड्यांचे सर्वच मत आज मान्य आहे असे नाही. दहा थाटांत काही राग नीट बसत नाहीत, असे पुढील अभ्यासकांनी दाखविले आहे. रागांच्या वेळांविषयीचे त्यांचे नियमही सर्वांना पटत नाहीत. उस्तादांच्या अज्ञानाविषयी त्यांनी काही ठिकाणी कठोर लिहिले. ज्यांच्या कंठातून सारे भांडार मिळाले त्यांच्याविषयी थोडी अधिक सहृदयता दाखविली असती तर बरे झाले असते, असे आम्हांस नम्रपणे वाटते. मोठ्या माणसाचे चरित्र वाचताना त्याच्या उणिवा झाकून ठेवण्याने त्याचा मोठेपणा वाढत नाही.

1933 मध्ये पंडितजींना पक्षाघाताचा विकार झाला. त्यानंतरची तीन वर्षे त्यांनी बहुतेक अंथरुणावर काढली. 19 सप्टेंबर 1936 रोजी, गणेशचतुर्थीच्या दिवशी, मुंबईस त्यांनी देह ठेवला. 1961 मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले.

आता पुन्हा त्या पाच स्वरांकडे वळू. भूप आणि देशकार यांतील फरक काय, याचे जे उत्तर भातखंड्यांच्या ग्रंथांतून मिळते ते असे. भूपाचा वादी गंधार आहे, देशकाराचा वादी धैवत आहे. वादी म्हणजे ज्या स्वरावर राग पुनःपुन्हा येऊन विसावतो तो. स्वर तेच असले, तरी विसावा कोठे, यावर रागाचे रूप ठरते; म्हणून एक कल्याण थाटात गेला व दुसरा बिलावलात. हे उत्तर शोधण्यास एका सतार वाजविणाऱ्याला सतार खाली ठेवून देशभर हिंडावे लागले.

कौंडण्यपुराहून परतल्यावर काही दिवसांनी आम्ही त्या मुलास हे चरित्र सांगितले. त्याने शेवटपर्यंत ऐकले आणि मग विचारले, की त्यांना सतार सोडल्याचे वाईट वाटले नसेल काय? आम्ही म्हटले, वाटले असेल. पण ते त्यांनी जगास सांगितलेले आम्हांस आढळले नाही. मग त्याने देवळातील भजनाची एक चाल गिटारीवर शोधून काढली. चाल त्याला जवळजवळ पुरी आठवत होती. आम्ही त्याला स्वरलिपीची चिन्हे शिकविली, आणि त्याने ती चाल वहीत उतरविली. दोन ठिकाणी चुकली होती. पुढच्या खेपेस पुन्हा जाऊन नीट ऐकावयाचे ठरले. आजीकडून जात्यावरच्या ओव्यांच्या चाली घेण्याचाही त्याचा बेत आहे. आपण संगीतकार आहोत की नाही, याचा निर्णय त्याने अद्याप केलेला नाही, आणि आम्हीही तो विषय काढीत नाही. प्रार्थनेच्या वेळी गिटार मात्र पूर्वीप्रमाणे वाजते.

आमच्या विद्यार्थ्यांत वाद्य वाजविणारे, चित्रे काढणारे, कविता लिहिणारे पुष्कळ आहेत. त्यांतील प्रत्येकाला केव्हातरी आपल्याहून सरस कोणी भेटेल आणि हाच प्रश्न पडेल. पालकांस आमची एवढीच विनंती आहे, की अशा वेळी मुलाच्या हातातील वाद्य घाईने काढून घेऊ नये आणि त्याची खोटी स्तुतीही करू नये. त्याचे मन त्या विद्येत कोठे विसावते, हे शांतपणे पाहावे. आम्हांस तसे पाहणारे कोणी भेटले नाही आणि आम्ही स्वतःही पाहिले नाही. परवा सतारीची गवसणी काढली, तेव्हा दोन तारा गंजून तुटलेल्या आढळल्या. नव्या मागविल्या आहेत.